वकीलसाहेब, माझं काम तू का घेतलं नाहीस?

परवा तुझी तेरवी झाली, दिगांबर. सौसरच्या बाजारात तुझ्या घराखाली मांडव टाकला होता आणि मांडवात जो तो तुझी एकच गोष्ट सांगत होता. कापडवाला म्हणाला, साहेबांनी माझ्या बापाचं रिटर्न भरलं, मग माझं भरलं, आता पोराचंही तेच भरत होते. जिनिंगवाल्यानं सांगितलं, अंगात ताप असताना साहेब माझ्या पेशीला अफसरासमोर उभे राहिले. एका रिटायर मास्तरांनी तर पिशवीतून जुना कागद काढला आणि त्यावरची तुझी सही पंगतीत फिरवली, प्रसाद फिरवावा तशी. मीही पाहिली. सहीची शेपटी तशीच लांब, शाळेच्या वहीवर असायची तशी.

शेजारी बसलेल्यानं विचारलं, "गुलाबभाऊ, तुमचं काम तर पहिल्यापासून साहेबायकडेच असंन?"

मी वरणात भात कालवत राहिलो. पन्नास वर्षांची ओळख, आणि माझ्या एकाही कागदावर तुझी सही नाही.

मेलेल्या माणसाशी भांडू नये, एवढं मला समजतं. पण जिवंतपणी तू हे भांडण पुरं होऊ दिलं नाहीस. आता मी एकट्यानं कसं पुरं करू?

तू नागपूरहून टॅक्सचा वकील होऊन आलास आणि दुकानांवरचा मजला घेतलास, पुढच्या खोलीत ऑफिस, मागे संसार. मी पांढुर्ण्यात नुकतं स्वतःचं संत्र्याचं गोदाम टाकलं होतं. पेढ्यांचा डबा आणि कागदांची पिशवी घेऊन मी तुझा जिना चढलो. पेढा तू खाल्लास. पिशवी उचलून परत माझ्या मांडीवर ठेवलीस.

"तुह्यं काम मी नाही घेत, गुलब्या."

"काहून?"

"नाही घेत म्हणजे नाही घेत. दुसरं काही सांग."

"फीस देईन ना बे. पुरी देईन."

"तू? पुरी?" तू एवढा हसलास की आतून वहिनी पाहायला आल्या.

हसण्यावारी गेलं खरं. पण पिशवी घेऊन खाली उतरताना माझ्या मनात एकच आलं. माझे बाबा रामाकोन्याला तुझ्या मामाच्या संत्र्याच्या बागेचे रखवालदार होते. तुझ्या कपाटात कापडवाल्याची फाइल चालते, जिनिंगवाल्याची चालते, रखवालदाराच्या पोराची चालत नाही. हे मी तुला कधी बोललो नाही. दर दिवाळीला तुझ्याकडे फराळाला आलो, तुझ्या पोरीच्या लग्नात दिवसभर पाहुणे उतरवले, नाचलो सुद्धा, आणि ते पोटात ठेवलं.

काम घेतलं नाहीस, पण नाक खुपसायचंही सोडलं नाहीस. "कोणाकडे टाकलं?" हा तुझा पहिला सवाल असायचा, तब्येतीच्याही आधी. "बाग घेताना मालकाचा खसरा, जमिनीचा कागद, पाहतो न तू? मंग माणसाचा काहून नाही पाहत? वकील असो का सीए, परीक्षा पास झाला असंन तर त्याचं नाव कुठं ना कुठं यादीत असते. विचार त्याले. लाज कायची?" पेशीला तो स्वतः येईल की मलाच धाडेल, कागदावर सही कोणाची राहील, हेही विचारायला लावायचास. आणि एक अजब प्रश्न: "त्याले विचार, कोणतं काम तू घेत नाही. जो म्हणन सगळंच घेतो, त्याच्या दुकानातून उठून ये."

"तू माह्यं घेत नाही. म्हणजे तू लय मोठा वकील," मी टोमणा मारायचो. तू माझ्या बशीत चहा ओतायचास.

तुझ्या शब्दावर मी बरीच वर्षं पांढुर्ण्याच्या एका म्हाताऱ्या वकिलाकडे काम ठेवलं. खडूस माणूस होता. कागद कमी पडला की मला शाळेतल्या पोरासारखा परत पाठवायचा. पण त्याच्या काळात माझ्या दारात कधी सरकारी लिफाफा आला नाही. पुढे तो मुलाकडे राहायला गेला आणि मला नवा माणूस शोधावा लागला. या वेळी मी तुला विचारलं नाही. म्हटलं, आयुष्यभर मी बागा निवडल्या, एक माणूस निवडता येणार नाही?

माझी सौदा करायची रीत तुला पाठ होती. बागेत शिरायचं, झाडाला हात लावायचा नाही, नुसतं वर पाहत फिरायचं. मालकानं आकडा सांगितला की हसायचं आणि बागेच्या कडेच्या धुऱ्याकडे चालू लागायचं. धुऱ्यावर उभं राहून चप्पल झटकायची. तेवढ्यात ज्यानं हाक मारली तो आपल्या भावात आला. बाजारात धुरा नसतो, म्हणून तिथं मी जिना वापरायचो. पांढुर्ण्यात एका जिन्यावर काचेवर लाल अक्षरात लिहिलं होतं: आयकर, जीएसटी, पॅन कार्ड, रेल्वे टिकीट. आतल्या पोरसवदा सल्लागारानं फी सांगितली. मी उठलो, बाहेर आलो, तिसऱ्या पायरीवर चप्पल झटकली.

"काका, या ना वापस! तुम्हीच सांगा किती देता!"

अर्ध्या फीवर सौदा ठरला. मी त्याच आनंदात तुला फोन लावला. "तिसऱ्या पायरीवर हाक मारली बे त्यानं!"

तू म्हणालास, "जो आपल्या फीसपाई तीन पायऱ्या टिकला नाही, तो तुह्यापाई अफसरासमोर किती टिकन?"

मी म्हटलं, "जळून राहिला तू." आणि फोन ठेवला.

त्याची परीक्षा, त्याची यादी, यातलं काही मी विचारलं नाही. खरं सांगू? विचारावंसं वाटलं नाही, कारण त्यानं पहिल्याच दिवशी मला जिंकलं होतं. माझे कागद चाळून तो म्हणाला, "काका, तुम्ही बहारातलं सगळं फळ झाडावरच विकत घेता. आठ-आठ महिने बाग सांभाळता, पाणी देता, फवारणी करता, माणसं ठेवता. मग तुम्ही व्यापारी कसे? तुम्ही तर शेतकरी. शेतीच्या उत्पन्नावर टॅक्स कुठं लागते?" आणि त्यानं तसंच लिहिलं.

टॅक्स वाचला, तो आनंद होताच. पण तेवढाच नव्हता. माझ्या नावावर गोदाम आहे, घर आहे, दोन गाड्या आहेत. जमिनीचा तुकडा नाही. धंद्यातला फिरता पैसा मातीत अडकवायची हिंमत मला कधी झाली नाही. आणि इथं सरकारच्या कागदावर माझ्या नावापुढे शेती लिहून आली होती. बाबा असते तर त्यांना वाचून दाखवलं असतं. ते नव्हते, म्हणून तुला दाखवायला सौसरला आलो.

तुझ्या घराखालच्या टपरीवर तू बसला होतास. सोबत कोर्टातले दोन बाबू आणि तेच ते मास्तर. तू चष्मा कपाळावर सरकवून कागद वाचलास आणि चारचौघांत म्हणालास, "गुलब्या, तू शेतकरी नाहीस. झाड तुह्यं नाही, फळ तुह्यं आहे. फळ घेतलं, विकलं, हा धंदा झाला. हे दुरुस्त कर. आत्ता कर, अजून वेळ आहे."

बाबू हसले. तुझ्यावर की माझ्यावर, मला माहीत नाही. मी ग्लास आपटला. काय काय बोललो ते आठवत नाही, पण तू म्हणालास ते आठवते: "पांढुर्ण्यात गोटमारीची दगडफेक वर्षातून एकदा असते बे. तू रोज काहून करतो?" त्यावर सगळे अजूनच हसले. मी गाडीला किक मारली. दीड वर्ष तुझ्या जिन्यावर पाय ठेवला नाही.

दीड वर्ष! दोन दिवाळ्या गेल्या. पहिल्या दिवाळीला तू डबा पाठवलास, कापडवाल्याच्या हातानं. मी तो तसाच वापस पाठवला. त्यात वहिनींच्या हातचे अनारसे होते, हे नंतर कळलं.

तुझं ते वाक्य माझ्या डोक्यात किती दिवस भणभणत होतं, तुला कल्पना नाही. झाड तुह्यं नाही. झाड तुह्यं नाही. आणि मग एकदा, तिगावजवळच्या बागेत संत्र्याची तोड चालू असताना, मला एकदम आठवलं की हे मी आधीही ऐकलं आहे. आपण आठ-नऊ वर्षांचे. तू सुट्टीत मामाकडे आलेला. बाबांनी मला बजावलं होतं, मालकाच्या झाडाला हात लावायचा नाही. तू झाडावर चढलास आणि वरून एक संत्रं माझ्या ओंजळीत टाकलंस. मी घाबरून बाबांकडे पाहिलं. तू वरून ओरडलास, "झाड मामाचं आहे, फळ तुह्यं आहे! खाय!"

तेच वाक्य होतं रे. एकदा तू ते मला देण्यासाठी म्हणालास, एकदा रोखण्यासाठी. मी फक्त दुसऱ्यांदा ऐकलं. त्या दिवशी बागेतूनच तुला फोन करणार होतो. मग म्हटलं, आधी त्यानं करावा. भाव कोण आधी बोलतो, एवढाच हिशेब मला आयुष्यभर आला.

आणि मग लिफाफा आला. जाड, इंग्रजी. शेती दाखवली आहे तर जमिनीचे कागद दाखवा. आधीच्या दोन नोटिसा मेलवर गेल्या होत्या, आणि मेल माझा नव्हताच; त्या सल्लागारानं स्वतःचा टाकला होता. मी त्याच्याकडे गेलो, तर तो म्हणाला, "काका, माझी सही कुठं आहे त्यावर? रिटर्न तुमच्या नावानं गेलं. ओटीपी तर तुम्हीच सांगितला."

खरं होतं. मी एका बागेत उभा होतो, चिखलात, आणि फोन कानाला लावून त्याला सहा आकडे मोठ्यानं सांगितले होते. एवढी वर्षं मी कोणाला पहिला आकडा सांगितला नाही आणि तिथं सहाच्या सहा सांगून मोकळा झालो.

मी तुझा जिना चढलो. तू आजारी आहेस हे ऐकलं होतं, पण एवढा, हे नाही. आठवड्यातून दोनदा नागपूरला नेतात, रक्त धुऊन आणतात, असं वहिनी दारातच कुजबुजल्या. पुढच्या खोलीत, फाइलींच्या कपाटासमोरच तुझी खाट टाकली होती. हातावरच्या शिरा सुजल्या होत्या. मला पाहून तू म्हणालास, "आला का? बस. अनारसे नाहीत आता."

नोटीस तू भिंग लावून वाचलीस. दोनदा वाचलीस. "हे चुकलं आहे, गुलब्या. आणि चूक तुह्यी आहे. लपवू नोको, खरं सांग, काय भरा लागते ते भर. चांगला माणूस पाहाय. पास झालेला. आणि लवकर."

"तू घे."

"नाही."

"आतातरी घे ना बे."

"आता तर नाहीच."

तेव्हा रखवालदाराची गोष्ट माझ्या अगदी जिभेवर आली होती. ती बोललो असतो तर बरं झालं असतं. तू काहीतरी उत्तर दिलं असतंस, शिवी दिली असतीस. मी ती गिळली आणि तिच्या जागी दुसरंच बोललो. म्हणालो, "सोबत घेऊन जा मंग या सगळ्यायच्या फाइली. वर कोणाचे रिटर्न भरतो ते पाहू."

तुझा चेहरा मी पाहिला नाही. उठलो होतो.

बाहेर येऊन तिसऱ्या पायरीवर थांबलो. हे तुला सांगायचं आहे, यासाठीच सगळं लिहून राहिलो. मी गेलो नव्हतो. मी थांबलो होतो. चप्पल हातात धरून उभा होतो, झटकली नाही. आत पंखा घरघरत होता. तू एकदा खोकलास. मला वाटलं, आता म्हणशील, अबे गुलब्या, ये वापस. किती वेळ उभा होतो माहीत नाही. मग उतरलो. त्यानंतर बाराव्या दिवशी कापडवाल्याचा फोन आला, तू गेल्याचा.

परवा मांडव रिकामा झाल्यावर वहिनींनी मला वर बोलावलं. खाट उचलली होती, तिच्या पायांचे चार ठसे फरशीवर राहिले होते. वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, तुम्ही त्या दिवशी जिन्यात उभे होते न?"

मी म्हटलं, "तुम्हाला कसं माहीत?"

"तेच म्हणाले. 'थांबला आहे तो. चप्पल वाजली नाही अजून.' मी म्हटलं, बोलवू का? तर म्हणाले, 'नोको. बोलावलं तर मले त्याचं काम घ्या लागन.'"

"आणि?"

"आणि काय? कानोसा घेत होते. तुम्ही गेल्यावर म्हणाले, 'गेला.' बस, एवढंच."

म्हणजे मी बाहेर तुझ्या हाकेची वाट पाहत होतो, आणि तू आत माझ्या चपलेची. पन्नास वर्षांत असा सौदा मी कुठं पाहिला नाही. कोणाचाच फायदा झाला नाही त्यात.

काल मी माणूस पाहायला गेलो. पांढुर्ण्यातच, एक पोरगी आहे, सीए. माझ्या सुनेच्या वयाची. तिच्याही ऑफिसला जिना आहे. टेबलामागे भिंतीवर तिचं सर्टिफिकेट लावलेलं. मी चष्मा काढला, पुसला, आणि तू सांगितलं होतंस तसं नंबरासकट वाचलं. तिनं दिवा लावून दिला. मग पेशीचं विचारलं, सहीचं विचारलं. शेवटी तो प्रश्न, जो मी आयुष्यात कोणालाच विचारला नव्हता.

"ताई, कोणतं काम तुम्ही घेत नाही?"

ती थोडी हसली. "घरच्यांचं नाही घेत, काका. माझ्या पप्पांचं पण दुसरीकडे आहे."

"काहून?"

"त्यांना नाही म्हणता येत नाही मला. ते रुसतात. मग मी त्यांच्या मनासारखं लिहीन, आणि फसतील तेच."

मी विषय बदलायचा म्हणून फी विचारली. तिनं सांगितली. आणि दिगांबर, माझे पाय आपोआप उठले रे. दुसरं काही येतच नाही मला. बाहेर आलो, तिसऱ्या पायरीवर उभा राहिलो, चप्पल झटकली. आतून कागद उलटल्याचा आवाज आला. हाक नाही आली. मी तिथं उभा राहून ऐकत होतो, आणि तुझ्या खाटेवरून तू काय ऐकत होतास ते मला पहिल्यांदा ऐकू आलं.

मी आपणहून वर गेलो. तेवढं त्या दिवशी तुझ्या जिन्यात जमलं असतं तर?

तिनं फी कमी केली नाही. नोटीस वाचली, मग रिटर्न वाचलं, आणि सरळ विचारलं, "जमीन कोणाची, काका?"

"दुसऱ्यायची."

"मग ही शेती नाही. हा धंदा झाला. भरावं तर लागेल, दंडही लागेल. किती, ते सगळे कागद पाहिल्याशिवाय सांगत नाही."

तू म्हणाला होतास तेच, शब्दाला शब्द. मी ग्लास आपटला नाही. हो म्हटलं. राग आलाच नाही, कारण ती माझी कोणी नाही.

ती पप्पांचं काम घेत नाही, तुझंही माझ्याबाबत तेच होतं का रे? की मीच आता मला परवडेल असा भाव लावून राहिलो, समोरचा बोलत नाही म्हणून? रखवालदाराच्या पोराची गोष्ट मी तुला विचारली नाही, आणि आता तू कितीही थांबलास तरी मला सांगू शकत नाहीस. हे मला कोणी सोडवून देणारं नाही. याला पास झालेला माणूस कुठं मिळते?

शेवटी तिनं एक फॉर्म पुढे केला. नाव, पत्ता, आणि खाली व्यवसाय. पेन हातात घेऊन मी बराच वेळ त्या रिकाम्या चौकटीकडे पाहत बसलो. ती म्हणाली, "काका, मी लिहू का?" मी नाही म्हणून मान हलवली आणि स्वतःच्या हातानं लिहिलं: संत्र्याचा व्यापारी. अक्षर वाकडं आलं.

तू समोर असतास तर मी हे मेलो तरी लिहिलं नसतं. आता लिहिलं आहे, आणि तुला दाखवायला सौसरला येता येत नाही.